पाठ टेकली म्हणून काय झालं

मी ताडपत्री बोलतेय. आवाज जरा खरखरीत लागेल, लागू दे. आजवर तुम्ही मला पसरलंत, गुंडाळलंत, माझ्यावर मिरच्या वाळवल्यात, पण बाई, तुझं काय म्हणणं आहे असं एकदाही विचारलं नाहीत. म्हणून आज न विचारताच सांगते. आणि हो, मला कुणाला अहो-जाहो करायची सवय नाही. ज्यांचे तळपाय ओळखीचे आहेत त्यांना काय अहो म्हणायचं?

कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. यंत्रातून निघाले, घडी झाली, गठ्ठ्यात बांधली गेले. खरी आठवण सुरू होते ती महाडपासून. दोन हजार एकवीसच्या जुलैत शहरात पाणी शिरलं, आणि त्यानंतरच्या आठवड्यात मदतीच्या ट्रकमधून मी उतरले. नाते गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला एक बौद्धवाडी आहे. तिथल्या कमळाबाईच्या घराची कौलं त्या पावसा-वाऱ्यात उडाली होती. मला वाशांवर ताणून बांधलं आणि मी सव्वा वर्ष तिचं छप्पर झाले. त्या काळात माझ्याखाली भाकरी भाजल्या गेल्या, एक लग्न ठरलं, आणि मार्चात चवदार तळ्यावर जायच्या आदल्या दिवशी कमळाबाईने पांढरी साडी धुऊन माझ्याच दोरीला वाळत घातली. मग घरावर पत्रे आले आणि मला खाली ओढून पेंढ्याच्या उडव्यावर टाकलं. छपरावरून उडव्यावर गेले, म्हणजे नोकरीत खालीच आले म्हणा.

मला तिथून काढलं सुशांतने. सुशांत हा कमळाबाईचा मुलगा. नवी मुंबईत कामाला असताना तो चार वर्षं ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकला. ही जमिनीवरची कुस्ती. अंगात जाड सुती अंगरखा, कमरेला पट्टा. ठोसे-लाथा नाहीत. धरायचं, अडकवायचं, कोपर उलटं ताणायचं नाही तर गळा आवळायचा. अडकलेल्याने हाताने दोन थापा मारल्या, समोरच्याच्या अंगावर किंवा जमिनीवर, की समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. सोडलं की दोघं हसतात, हात मिळवतात आणि पुन्हा भिडतात. सुशांतला तिथे निळा पट्टा मिळाला होता. पुढे महाडच्या एमआयडीसीत नोकरी लागली, तो घरी आला, पण अंगातली खाज काही गेली नाही.

शहरात मॅट असतात, रबरी, मऊ. इथे कुठल्या? सुशांतने समाजमंदिराच्या लादीवर मला पसरलं आणि खाली भातगिरणीतला तूस भरला. शहाणाच. पहिल्या दिवशी गादीसारखं मऊ लागलं. दुसऱ्या दिवशी सगळा तूस सरकत सरकत कोपऱ्यात जाऊन बसला, आणि सुशांत मधोमध आपटला तो थेट लादीवर. चार दिवस कंबर धरून कामावर गेला. कमळाबाई म्हणाली, शेतकऱ्याच्या पोटी जन्मून तुला तूस आणि पेंढ्यातला फरक कळत नाय? मग तिनेच पेंढा आणला. खाली गोणपाट, त्यावर एक थर उभा, एक आडवा, वरून मी. माझ्या दोऱ्या चारी खांबांना ताणून बांधल्या. तेव्हापासून दरवर्षी झोडणी झाली की माझ्या पोटात नवा पेंढा भरतात.

सुशांतला भिडायला कुणी नव्हतं, म्हणून त्याने बायकोला शिकवलं. निशा गावातल्या पोस्टात असते. आधी ती नवऱ्याचा हट्ट म्हणून आली आणि पुढे त्याच्यापेक्षा जास्त वेडी झाली. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची, त्यात कुठल्या कुठल्या देशांतल्या कुस्त्या चालू, आणि इकडे तांदळाची भाकरी तव्यावर करपलेली. पोस्टात शिक्के मारताना तिच्या बोटांना पट्ट्या असायच्या. संध्याकाळी इकडे सून मुलाचा गळा आवळतेय आणि दारात सासू चहाचं भांडं घेऊन उभी आहे, असं दृश्य मी रोज पाहिलं. कमळाबाईचं एकच म्हणणं असायचं, सोडलंस की सांग, चहा गार होतो.

मग रेश्मा आली. ती गावातली, वाडीतली नाही. महाडात औषधांच्या दुकानात काम करते. पोस्टात पार्सल घ्यायला आली असताना तिने निशाच्या मानेवरचा लाल वळ पाहिला आणि हळूच विचारलं, नवरा मारतो का. निशा म्हणाली, उलट हाय, तो मार खातो, बघायला ये. दुसऱ्या दिवशी रेश्मा आली. बघायला म्हणून बसली आणि अर्ध्या तासात चपला काढून माझ्यावर उभी राहिली. घोट्यापर्यंत घाबरलेली होती. पायांचं मला लगेच कळतं.

तीन महिन्यांत ती भीती गेली. ती पोरगी काय शिकली म्हणून सांगू! पाठीवर पडायची, दोन्ही पायांनी समोरच्याची कंबर आवळायची आणि खालूनच त्याला हैराण करायची. याला गार्ड म्हणतात. दिवसभर दुकानात मान खाली घालून गोळ्या मोजणारी मुलगी माझ्यावर आली की मोठ्याने श्वास घ्यायची. मला तिचा लळा लागला, हे कबूल करते.

आता खरी गोष्ट. गावातली मुलगी रोज संध्याकाळी वाडीतल्या समाजमंदिरात जाते, हे गावाला कसं चालायचं? कुणी म्हणालं, बाया-पुरुष जमिनीवर लोळतात. कुणी तेवढंही म्हणालं नाही, नुसतं वाडीकडे बघून मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ वाडीला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. हे सगळं रेश्माच्या बापाच्या, कुशाबाच्या कानावर गेलं. तो कान मोडका आहे, कुस्तीत घासून घासून मोडलेला. कुशाबाने तरुणपणी जत्रेतले आखाडे गाजवले होते, वरंधपासून पोलादपूरपर्यंत.

एका संध्याकाळी तो समाजमंदिराच्या दारात येऊन उभा राहिला. रेश्मा तेव्हा पाठीवर होती आणि निशा तिच्या पायांच्या वेढ्यात.

"उठ," तो म्हणाला. "पाठ लागली, हरलीस. हरायला येतेस काय गो इथं रोज?"

निशाने त्याला आत बोलावलं. काका, या खेळात पाठ लागली की हार होत नाही, तिथून खेळ सुरू होतो, असं ती नीट समजावून सांगत होती. कुशाबा ऐकेना. तरुणपणभर ज्याने लोकांना अस्मान दाखवलं त्याला हे कसं पटावं? तो रेश्माला म्हणाला, चल घरी, उद्यापासून नाय यायचं.

रेश्मा उठली नाही. माझ्यावर पाठ टेकून तशीच पडून राहिली आणि खालूनच बापाकडे बघत बोलली.

"आबा, हरले असेन तर धरून ठेवा मला. नाय सुटले तर परत येणार नाय. सुटले तर रोज येणार."

सुशांत काही बोलणार होता, कमळाबाईने डोळ्यांनीच त्याला थांबवलं. कुशाबाने दारात वहाणा काढल्या. हे मी विसरणार नाही. रागावलेला माणूसही आखाड्यात वहाणा घालून जात नाही. तो गुडघ्यांवर आला आणि त्याने लेकीला खांद्यांनी दाबून धरलं. काय वजन होतं! माझ्या पोटातला पेंढा करकरला. सत्तरीला आलेल्या त्या हातांची पकड अजून सुशांतपेक्षा घट्ट होती.

रेश्मा घाईला आली नाही. तिने आधी श्वास घेतला. मग बापाचं एक मनगट छातीशी धरलं, कंबर फिरवली, एक पाय त्याच्या मानेवरून टाकला, आणि कुशाबाचा अख्खा हात तिच्या दोन मांड्यांमध्ये सरळ ताणला गेला. आता कंबर नुसती वर उचलायची, कोपर गेलंच.

"थाप मारा, आबा."

कुशाबाने थाप मारली नाही. त्याचा मोकळा तळहात माझ्यापासून वीतभर वर अडून राहिला होता. मी त्याची ऊब घेत होते. मार की बाबा, मी मनात म्हणत होते, इथे रोज सगळेच मारतात, कुणी मरत नाही. पण त्याच्या आखाड्यात आपल्या हाताने हार कबूल करायची रीतच नव्हती. मग रेश्मानेच बापाचा हात सोडून दिला.

कुशाबा उठला, कोपर चोळत म्हणाला, "सुटली तू नाय. तू मला सोडलंस." आणि निघून गेला. ती आता येणार की नाही, हे कुणालाच कळेना.

दुसऱ्या दिवशी रेश्मा आली. मागच्या बांधावरून नाही, गावातल्या मोठ्या रस्त्याने, पट्टा हातात दिसेल असा धरून. घरी कुशाबा तिच्याशी बोलत नव्हता, पण अडवतही नव्हता. तिसऱ्या दिवशी पण आली. चौथ्या दिवशी दुपारी, समाजमंदिर रिकामं असताना, कुणीतरी आत शिरलं आणि त्याने कोयत्याने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलं.

कोण ते मी पाहिलं. कुशाबा नव्हता. नाव सांगणार नाही, कारण नाव सांगितलं की गोष्ट त्याची होते, आणि ही गोष्ट माझी आहे. दुखलं का विचाराल, तर हो, दुखलं. पेंढा बाहेर आला होता. संध्याकाळी निशा दारातच खाली बसली. सुशांत म्हणाला, बंद करूया काही दिवस. रेश्मा बाहेर पडलेला पेंढा मुठीमुठीने आत कोंबत राहिली. तिला वाटत होतं की हे बापाने केलं. वाडीलाही तेच वाटत होतं.

ते बोलणं कुशाबापर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो आला. काखेत खताची रिकामी गोणी, हातात दाभण आणि सुतळीचं बंडल. कमळाबाई दारातच उभी राहिली.

"मी समोरून येतो, कमळाबाय," तो म्हणाला. "मागनं नाय."

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ती बाजूला झाली. त्याने वहाणा काढल्या, माझ्यावर मांडी घातली, गोणीची ठिगळं कापली आणि शिवायला बसला. भाताच्या गोण्या शिवणारा हात तो. दाभण आत जायचं, बाहेर यायचं, तो सुतळी दाताने ओढायचा. ताणलेलं कोपर मधून मधून चोळायचा. रेश्मा समोर उभी होती. सुशांत फाटलेल्या कडा जुळवून धरत होता, आणि जवळजवळ आलेले त्या दोघांचे कान मला दिसत होते. सुशांतचा एक कान आताशा तसाच मोडायला लागलाय.

शेवटची गाठ मारून झाली. कुशाबाने शिवण हाताने चाचपली. मग मान वर केली, लेकीकडे बघितलं आणि उघड्या तळहाताने माझ्यावर थाप मारली. एक. थांबला. आणि दुसरी.

रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांनी ती बापाशी पहिल्यांदा बोलली.

"सोडलं, आबा."

इथे गोष्ट संपवली असती तर तुम्हाला गोड वाटलं असतं. पण कमळाबाईने चहा आणला होता. कुशाबाने कपाकडे बघितलं आणि म्हणाला, घरनं पिऊन आलोय. सकाळच्या त्या वेळी कोण काय पिऊन येतं आणि वाडीतला चहा कोण का घेत नाही, हे मलाही कळतं, मी तर प्लास्टिकची. निशाने मान वळवली. कमळाबाईने मात्र आवाज चढवला नाही की कप मागे घेतला नाही. माझ्या कडेला तो ठेवला आणि म्हणाली, "बरं. उद्या बी ठेवीन."

आता कुशाबा रोज लेकीला न्यायला येतो आणि पायरीवर बसतो. बसल्या बसल्या सांगतो, पाय वर घे, मान वाचव. त्याच्यासमोर रोज एक कप असतो. अजून त्याने उचललेला नाही. कमळाबाईने ठेवायचं थांबवलेलंही नाही. तिच्या घराण्याला पाण्यासाठी थांबायची सवय आहे, आणि ते घेतल्याशिवाय न उठण्याचीही.

माझं म्हणाल तर माझा निळा रंग उडालाय, अंगावर खताच्या गोणीची अक्षरं आहेत, शिवण पाठीला टोचते म्हणून निशा रोज कुरकुरते. गावात काही जण अजून म्हणतात, फाटली ती, संपली आता. म्हणू द्या. माझी पाठ पहिल्यापासून जमिनीलाच आहे. मी हरले असं ज्याला वाटतं त्याने यावं, वहाणा बाहेर काढाव्यात आणि मला इथून उचलून दाखवावं.