परतीचं कारण

"परत करायचं कारण?" मोबाइलवरून नजर न काढता उत्कर्षाने विचारलं.

कुबड्या परत द्यायला आलेला माणूस दारातच थांबला. चंद्रभागाबाईंनी त्या त्याच्या हातून घेतल्या. "बसा. आधी पाणी घ्या."

पाणी पिऊन, नुसतं 'येतो' म्हणत तो गेला.

कोथरूडमधल्या या गाळ्यातून रुग्णांसाठी खाटा, वॉकर, कुबड्या मोफत वापरायला मिळत. निवृत्त नर्स चंद्रभागाबाई आणि त्यांचे शेजारी हिंदुराव, दोघांनी ही संस्था चालवली. आता दोघांनाही खाट उचलवत नव्हती. म्हणून सगळं साहित्य कर्वेनगरच्या एका संस्थेकडे सोपवून ती बंद होत होती. उत्कर्षा तिथूनच टेंपो घेऊन आली होती.

"आम्ही कारण विचारत नाही," बाई म्हणाल्या. "खाट परत येते ती माणूस उठला म्हणून, नाहीतर गेला म्हणून. उठला असला तर लोक न विचारता पेढे आणतात."

"पण काकू, तो रकाना भरल्याशिवाय ॲप पुढेच जात नाही. डोनर विचारतात ना, किती जण बरे झाले."

"मग हे सामान जाणार नाही."

"नकाच नेऊ," हिंदुराव खुर्चीतून म्हणाले. "आम्ही दोघं आहोतच. दोन खाटा लगेच भरतील."

उत्कर्षा हसली. बाई हसल्या नाहीत.

"वस्तू काय गं, भाड्यानंही मिळतात. इथं येणाऱ्याला दारातच 'वारले' म्हणायला लागू नये, एवढंच आमचं होतं."

उत्कर्षा बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलत राहिली. मग आत आली. "रकाना काढतायत. लेखी देऊ का?"

"कशाला? आमच्याकडे तरी कुठे लेखी होतं," हिंदुराव म्हणाले.

दुपारपर्यंत टेंपो भरला. खुर्च्यासुद्धा गेल्या. तेवढ्यात एक बाई रिक्षातून घडीची व्हीलचेअर घेऊन उतरली. चंद्रभागाबाई सवयीने पुढे निघाल्या आणि भिंतीला हात टेकून थांबल्या.

"द्या इकडे," उत्कर्षा म्हणाली.

खुर्ची देऊनही ती बाई जाईना. बसायला काही उरलं नव्हतं. उत्कर्षाने ओढणीने पायरी झटकली, तिला बसवलं आणि शेजारी बसली. ती बाई रडू लागली. उत्कर्षाने काही विचारलं नाही. टेंपोवाल्याने हॉर्न दिला, तेव्हा नुसता हात वर केला.

आत चंद्रभागाबाई झाडलेली फरशी पुन्हा झाडू लागल्या, आवाज न करता.