पुनवेच्या दुपारचा गोंधळ

एरवी माझ्या तोंडून दुसऱ्यांचीच बोलणी ऐकू येतात. आता लाईट गेली आहे, तेवढ्यात थोडं माझं स्वतःचं बोलून घेतो. मी बेलापुरातल्या छबूबाईंच्या घरचा टीव्ही.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. आठवतं ते श्रीरामपूरचं दुकान. तिथून मला आदिनाथने आणलं. आदिनाथ हा छबूबाईंचा मुलगा, चाकणला कंपनीत असतो. त्याच्या वडिलांच्या, गहिनीनाथांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. "आई दिवसभर कांदे निवडायला जाते, अण्णांना तेवढीच सोबत," असं तो दुकानदाराला सांगत होता.

मला खाटेसमोरच्या भिंतीवर टांगलं, पत्र्यावर छत्री बसवली. आदिनाथने एकेक चॅनल लावून दाखवलं. सिनेमा लागला, गहिनीनाथांनी डावा हात झटकला. मालिका लागली, परत झटकला. राष्ट्रीय वाहिनी लागली तसा हात खाली आला.

"हे कोण बघतं आता, अण्णा?" आदिनाथ हसला.

छबूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तेच. त्येंचं लई दिसांचं ऱ्हायलंय त्यात."

काय राहिलंय ते मला पुढे कळलं. शेजारच्या बद्रुन्निसाभाभी दुपारी येऊन गहिनीनाथांना भरवायच्या. छबूबाईंनी एकदा त्यांना सगळं सांगितलं होतं. गहिनीनाथ म्हणजे गोंधळी. देवीच्या गोंधळात संबळ वाजवणारे, पंचक्रोशीतून बोलावणी यायची. तरुणपणी त्यांचा संच दिल्लीला गेला, तिथे त्यांचा गोंधळ टीव्हीसाठी घेतला. तो दाखवायचा त्या संध्याकाळी गावातल्या एकुलत्या एका टीव्हीपुढे सगळी आळी जमली आणि नेमकी लाईट गेली. छबूबाई तर तेव्हा कोपरगावला माहेरी, बाळंतपणाला. कोणीच काही पाहिलं नाही.

मग लोक म्हणायला लागले, गहिनीनाथ थापा मारतो. शाळेतली पोरं आदिनाथला "दिल्लीवाला" म्हणून चिडवायची. मोठा झाल्यावर एकदा पाहुण्यांसमोरच तो म्हणाला, "अण्णा, बास करा ती दिल्लीची गोष्ट." त्यानंतर गहिनीनाथांनी ती गोष्ट कधीच काढली नाही.

"तुम्हाला खरं वाटतं का पण?" भाभींनी विचारलं.

"मला तर वाटतंच," छबूबाई म्हणाल्या. "पन डोळ्यांनी बघावं, असंबी वाटतं."

आमचा दिवस सनईने उघडायचा. मग भजन, योगासनं, बातम्या. छबूबाई डबा बांधून निघताना आवाज नीट करून जायच्या. शेतीच्या कार्यक्रमात कोणी ठिबक सिंचन समजावून सांगायचं. नंतर पाककृती, संस्कृतमधल्या बातम्या, डोंगरातल्या लोकांचे नाच, कुठल्या तरी गावी चाललेला हॉकीचा सामना. गहिनीनाथांना त्यातलं किती समजत होतं कोण जाणे. पण दुपारी जुन्या फितींमधले कार्यक्रम लागले, की त्यांची मान उशीवरून थोडी वर यायची. कधी वीणा असायची, कधी कठपुतळ्यांचा खेळ. संपलं की मान परत उशीवर. इतक्या आशेने माझ्याकडे दुसरं कोणी पाहिलेलं नाही.

आणि पुनवेच्या दिवशी तो गोंधळ लागला.

भाभी नुकत्याच ताट घेऊन गेल्या होत्या. माझ्या पडद्यावर दिवटी पेटली. झगे घातलेले पाच जण उभे होते. उजवीकडून दुसरा, मिसरूड फुटलेला, कमरेला संबळ बांधलेला, डोळे मिटून वाजवत होता. खाटेवरून एक आवाज आला. तसा आवाज मी त्या घरात ऐकला नव्हता. गहिनीनाथ हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. त्यांचा डावा हात खाटेच्या लाकडी माच्यावर पडायला लागला. पडद्यावरचा आणि खाटेवरचा ठेका एकच होता. घरात तिसरं कोणी नव्हतं.

कार्यक्रम संपला. गहिनीनाथ दाराकडे बघत राहिले.

दिवेलागणीला छबूबाई आल्या. गहिनीनाथांनी हात उचलून माझ्याकडे दाखवलं, छातीवर ठेवला, पुन्हा माझ्याकडे दाखवला.

"काय पायजे? पानी देऊ?"

त्यांनी मान हलवली. परत तेच. मग माचा वाजवायला लागले.

"भांडं देऊ का? का पाय दुखत्यात?" छबूबाईंनी पाय चेपून पाहिले. त्यांची स्वतःचीच कंबर मोडून आली होती. गहिनीनाथ घशातून आवाज काढत होते, हात माझ्याकडे रोखलेलाच.

"अवो, लई झाला आता टीव्ही. समदा दिवस त्येच बघताय, डोळे जात्याल," छबूबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला बंद केलं.

मला सगळं माहीत होतं. पण आत भरतील ते शब्द बाहेर काढणं एवढंच माझं काम. माझ्या मनातलं मला बोलता आलं नाही. गहिनीनाथांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. छबूबाईंनी ते पदराने पुसलं आणि जेवण वाढायला घेतलं.

त्यानंतर गहिनीनाथांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आठवडाभरात, सकाळची सनई चालू असतानाच ते गेले.

प्रवरेकाठी दहावा झाला. घरी परतलेल्या लोकांमध्ये नेवाशाचे भिमाजी होते. एकेकाळी त्या संचात तुणतुणं धरणारे. छबूबाईंना हात जोडून ते म्हणाले, "वहिनी, शेवटचं भेटनं झालं न्हाई. पन एक बरं झालं, जायच्या आदी आमाला टीव्हीवर तरी बघितलं आसंल त्यानं."

छबूबाईंनी विचारलं, "कवा?"

"पुनवंला, दुपारच्या पारी. आमी टपरीवर च्या पीत हुतो. दिल्लीचा आपला गोंधळ! मी वरडून समद्या टपरीला सांगितलं, ह्यो आमचा गहिनी."

छबूबाई उठल्या. त्या रिकाम्या खाटेजवळ गेल्या आणि माच्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मला सांगत हुते," त्या म्हणाल्या. "मी इचारलं, भांडं देऊ का."

आदिनाथ खाली मान घालून बसला होता. मग तो बाहेर गेला. रात्र होईपर्यंत मोबाईलवर तो कार्यक्रम शोधत होता. सापडला नाही. चाकणला परत जाण्याआधी त्याने माझ्या काचेवरून रुमाल फिरवला, खूप वेळ.

छबूबाई आता अर्धाच दिवस कामाला जातात. दुपारी खाटेवर बसतात, कधी भाभी सोबत असतात. वीणा लागते, कठपुतळ्या लागतात. छबूबाई पापणी हलवत नाहीत.

माझंही आता खरं नाही. पडद्याच्या डाव्या कडेला काळी पट्टी आली आहे, ती रोज जराशी आत सरकते. वाहिनीवर काम करणाऱ्या भल्या माणसांनो, ती फीत तुमच्याकडे कुठल्या तरी कपाटात आहे. मी पुरता काळा पडायच्या आत ती आणखी एकदा लावा. पोरगा उजवीकडून दुसरा उभा आहे. तेवढी जागा मी अजून उजळ ठेवली आहे.