पंप ओढायची रीत

छावणीच्या बाजारात डॉक्टर नानासाहेबांचा दवाखाना होता आणि तिथं बद्रीनाथ एकतीस वर्षं कंपाउंडर होता. खोकल्याचं लाल औषध तो स्वतःच्या हातानं कालवायचा, कागदाच्या पट्टीला कात्रीनं डोसाच्या खाचा पाडायचा आणि ती बाटलीला चिकटवायचा. खेड्यापाड्यातली माणसं नानासाहेबांना छाती दाखवून झाली की त्याच्या खिडकीशी येऊन थांबायची. "बद्रीभाऊ, जरा कडक द्या," म्हणायची. कडक असं वेगळं काही नसायचं. तो बाटली दोनदा जास्त हलवायचा, आणि माणूस समाधानानं एस.टी.कडे निघायचा.

शहाऐंशी साली नानासाहेबांची सून पद्मजा दवाखान्यात बसू लागली. छातीच्या विकारांचं शिक्षण घेऊन आलेली. दम्याच्या पेशंटना ती तोंडानं ओढायच्या औषधाचे पंप लिहून देऊ लागली. एक धाप लागल्यावर ओढायचा, दुसरा बरं वाटत असलं तरी रोज दोनदा.

"बाटलीतलं औषध पोटात जातं, तिथून रक्तात, मग कुठं छातीत," ती सासऱ्यांना समजावून सांगत होती. "पंपाचं थेट श्वासनळीत जातं. औषध थोडं लागतं, गुण लवकर येतो."

नानासाहेबांनी कौतुकानं मान डोलावली. खिडकीआडून बद्रीनाथनं ते पाहिलं. एकतीस वर्षांत त्याच्या एकाही बाटलीला त्यांनी अशी मान डोलावली नव्हती.

हळूहळू त्याच्या खिडकीशी गर्दी उरेना. जे पेशंट पूर्वी त्याला घरच्या लग्नाचं आमंत्रण द्यायचे, ते आता "बाई आहेत का?" एवढंच विचारायचे. घरी बायकोनं, आवडाबाईनं, जेवायला वाढलं तरी त्याच्या डोक्यात तोच हिशेब चालायचा, आज कोण कोण आपल्याकडे न येता तिच्याकडे गेलं.

फुलंब्रीची भागूबाई मात्र आपली, असं तो धरून चालला होता. बारा वर्षं ती त्याचं औषध घेत होती. रात्री धाप लागली की उशाशी बद्रीभाऊची बाटली लागते, असं ती चारचौघांत सांगायची. श्रावणात ती आली आणि पद्मजाच्या खोलीतून दोन पंप घेऊन बाहेर आली.

"आधी एक्झेल करायचं, मग इनहेल करताना प्रेस करायचं. कळलं ना?" पद्मजानं दारातूनच पुन्हा सांगितलं. आत पुढचा पेशंट बसला होता.

"व्हय व्हय," भागूबाई म्हणाली.

बाहेरच्या बाकावर बसून तिनं पंप तोंडात धरला, श्वास रोखून कळ दाबली आणि फवारा जिभेवर पडल्यावर घोट गिळावा तसा गिळला. लगेच तोंड उघडलं. पांढरी वाफ बाहेर पडली.

बद्रीनाथनं सगळं पाहिलं. पंपाच्या खोक्यातला कागद त्यानं पहिल्याच दिवशी वाचला होता, शिकायला नव्हे तर खोट काढायला. हे औषध छातीत जात नाही, हे त्याला तिथल्या तिथं कळलं. सांगायला तो उठलाही. तेवढ्यात भागूबाई लेकाला, पुंजारामला, हसत म्हणाली, "सुटले बाबा बद्रीभाऊच्या कडू पाण्यातून!"

तो खाली बसला आणि बाटलीला पट्टी चिकटवू लागला.

दिवाळीच्या आधी भागूबाई पुन्हा आली. या खेपेला सरळ खिडकीशी. आवाज दबका.

"पंपानं कायबी फरक नाय, भाऊ. तुमची बाटलीच द्या. बाईंना सांगू नका, रागावतील."

"मी काय सांगतोय," बद्रीनाथ म्हणाला. इतकी मन लावून बाटली त्यानं कित्येक महिन्यांत भरली नव्हती. त्या संध्याकाळी त्यानं आवडाबाईला जिलबी नेली आणि कशाबद्दल म्हणून ती विचारू लागली तर नुसताच हसला.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, पुंजारामनं आईला जीपमधून आणलं. खळ्यावर बाजरीची मळणी चालू होती, सगळा भुसा तिच्या छातीत बसला होता. गुडघ्यांवर हात टेकून ती पुढं वाकली होती. एक शब्द पुरा निघत नव्हता. ओठ जांभळे पडले होते.

"ऑक्सिजन!" पद्मजा ओरडली. बद्रीनाथ धावला. नळी लावली, अँप्युल फोडली, सुई भरून दिली. पद्मजा शिरेतून औषध अगदी सावकाश सोडत होती, नजर घड्याळाच्या काट्यावर. तासाभरानं भागूबाईच्या छातीतली शिटी उतरली. तिनं पाणी मागितलं, तेव्हा पुंजाराम भिंतीला टेकून खाली बसला.

पद्मजा हात धुवायला मोरीपाशी गेली. नळ चालू ठेवून उभीच राहिली. डोळे भरले होते.

"माझंच काहीतरी चुकलं, बद्रीकाका. दोन महिने पंप घेऊनही एवढा जोर होतो म्हणजे डोस कमी पडला. दुप्पट करते."

गप्प राहिलं तर कुणालाही काही कळणार नव्हतं. दोषही तिच्याच नावावर जाणार होता. बद्रीनाथनं हातातला टॉवेल पुढं केला.

"डोस वाढवू नका, डॉक्टरीणबाई. औषध तिच्या छातीत गेलंच नाही. ती गिळत होती. मी पाहिलं होतं."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. नंतर तिनं पंप सोडला. मीच बाटली दिली."

पद्मजानं टॉवेल घेतला नाही. "एवढं कळत होतं आणि गप्प बसलात?"

"तुमच्याकडं सगळे जायला लागले," तो म्हणाला.

"मला नका सांगू. तिला सांगा."

भागूबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. बद्रीनाथ स्टूल ओढून समोर बसला आणि जे झालं ते सांगितलं. ती उशी सोडून पुढं सरकली.

"माझा जीव चालला व्हता भाऊ, अन् तुम्ही रुसून बसले व्हय?"

पुंजाराम ताडकन उठला. भागूबाईनंच हातानं त्याला खाली बसवलं. "बस. मारून का माझी छाती बरी व्हनार हाय?" मग बद्रीनाथला म्हणाली, "आता तरी दाखवा नीट."

त्यानं रिकामा पंप हातात घेतला. "आधी हलवायचा. मग छातीतली हवा सगळी सोडून द्यायची. ओठ घट्ट. आता हळूहळू आत ओढायला लागायचं, अन् ओढता ओढताच कळ दाबायची. घाई नाय. ओढून झालं की दहा मोजेस्तोवर दम धरायचा."

तिसऱ्या खेपेला तिला जमलं. वाफ बाहेर आली नाही. दारात उभी असलेली पद्मजा निघून गेली.

आठवडाभर ती कामापुरतंच बोलली. नानासाहेबांच्या कानावर गेलं, पण त्यांनी विषय काढला नाही, आणि बद्रीनाथला तेच जास्त लागलं. नंतर एका सकाळी खिडकीशेजारी एक स्टूल मांडलेलं दिसलं. "पंपाचा प्रत्येक पेशंट आधी तुमच्याकडं बसेल," पद्मजा म्हणाली. "मला त्यांच्या भाषेत सांगता येत नाही."

शिक्षा आहे की मान, हे त्याला ठरवता आलं नाही. पण शिकवायला तो बसला.

जानेवारीत भागूबाई आली, स्वतःच्या पायांनी, एस.टी. स्टँडवरून चालत. पदराखाली हुरड्याचं गाठोडं होतं. स्टुलावर बसून तिनं पंप ओढून दाखवला. अगदी बिनचूक. मग उठून आत गेली.

"बाई, हे तुमच्यासाठी. लई गुण आला तुमच्या हातानं!"

बद्रीनाथला ते पूर्वीसारखंच झोंबलं. आत दोघी हसत होत्या. मग नवा पंप घेऊन दारात ताटकळलेल्या म्हाताऱ्या आप्पासाहेबांना त्यानं हाक मारली, स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, "आधी छातीतली हवा सोडा बरं."