शेवटच्या झाडाची जाळी

तोफखान्यांचं खरं आडनाव त्यांच्या बायकोलाही आठवावं लागत असेल. पाखरं उडवायला त्यांनी बागेत गॅसवर चालणारी तोफ आणून बसवली आणि तेव्हापासून सगळी आळी त्यांना याच नावानं ओळखू लागली. नाव ठेवलं शेजारच्या आत्यांनी. अंजिराची बाग राखणं आणि माणसांना नावं ठेवणं ही आत्यांची दोन आवडती कामं, आणि दुसऱ्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तोफ धडाडली की पाखरं उडायची, एक घिरटी घालायची आणि त्याच फांदीवर परत यायची. पुढे पुढे उडेनाशीही झाली. एक कावळा तर तोफेच्या नळीवर बसून अंजीर खाताना आत्यांनी पाहिला.

"दचकतं कोण, तर माझी भावजय!" त्या कुंपणावरून ओरडल्या. "पाखरांना वाटतं, तुम्ही जेवायची घंटा देताय!"

तोफखान्यांनी मग प्लॅस्टिकचं घुबड आणलं. त्याच्या डोक्यावर पाखरांनी काय केलं ते सांगायला नको.

"हसा, हसा. आता फळांत विषच घालतो, मग बघा."

"घाला की. त्याला अक्कल लागत नाही, म्हणून तर तुम्हाला सुचलं."

आत्यांची तऱ्हा वेगळी. प्रत्येक झाडाभोवती लाकडी चौकट आणि तिच्यावर पांढरी जाळी, करंगळीसुद्धा शिरणार नाही इतक्या बारीक विणीची, ढोलाच्या कातड्यासारखी ताणलेली. पाखरू आपटलं तरी अडकायचं नाही, मुकाट माघारी जायचं. या जाळीचं कौतुक त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, आणि शेवटी तोफखान्यांच्या अकलेचे वाभाडे फुकटात.

यंदा मात्र शेवटच्या झाडाला जाळी पुरली नाही. पडवीत जुनी, मोठ्या भोकांची जाळी पडली होती. आत्यांनी ती चौकटीबिकटीच्या भानगडीत न पडता चादरीसारखी झाडावर फेकली.

"वन्सं, ही सैल आहे हो," भावजय म्हणाली. "काहीतरी गुरफटेल हिच्यात."

"एका झाडानं काय आभाळ कोसळतंय? तू चहा टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजयीची हाक आली. त्या सैल जाळीत एक मोठं वटवाघूळ उलटं लोंबत होतं. धडपडून धडपडून दोरा पंखात रुतला होता, आणि छातीला पिल्लू घट्ट चिकटलं होतं.

गलका ऐकून तोफखाने काठी घेऊन धावत आले. "सरका! एक टोला, काम तमाम!"

"काठी टाका," आत्या कडाडल्या. "हे जाड हातमोजे घाला, हा टॉवेल घ्या आणि धरा त्याला."

"मी?"

"मग कोण, तुमचं घुबड?"

तोफखान्यांनी धरलं. टॉवेलातून कुत्र्याच्या पिल्लासारखं तोंड बाहेर आलं आणि टकामका बघू लागलं. विषाच्या गोष्टी करणाऱ्या या गृहस्थांनी मान जमेल तितकी मागे घेतली.

"आत्या, अहो, हे माझ्याकडेच बघतंय!"

"बघेल नाही तर काय? एवढं मोठं माकड इतक्या जवळून कधी पाहिलं असेल त्यानं? हलू नका."

दुसरे हातमोजे चढवून आत्या कात्रीनं एकेक दोरा कापत होत्या. बोलणं नेहमीचंच होतं, पण कपाळावरून घाम निथळत होता. पिल्लासकट आई सुटली, तेव्हा भावजयीनं दोघांना भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला.

त्या आल्या, पंख तपासला, मग जाळीकडे बघितलं. "कुणी टाकली ही?"

तोफखान्यांचा चेहरा असा उजळला, जणू त्यांचाच सत्कार आहे. त्यांनी आत्यांकडे बघितलं. भावजयीनं जमिनीकडे.

"मी," आत्या म्हणाल्या.

"यापेक्षा तोफ बरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खोकं घेऊन गेल्या.

जन्मात कुणी आत्यांना असं ऐकवलं नव्हतं, आणि तेही त्या माणसासमोर! त्यांनी ती जाळी ओरबाडून काढली, कापून तिचे तुकडे केले आणि झाड उघडंच ठेवलं. पाखरांनी ते साफ करून टाकलं. आत्या पायरीवर बसून बघत राहिल्या आणि स्वतःला अशी नावं ठेवत राहिल्या, की तोफखान्यांनाही कधी ठेवली नव्हती.

वटवाघूळ वाचलं; पिल्लासकट सोडून दिल्याचा निरोप आला, त्याच संध्याकाळी तोफखाने कुंपणापाशी घोटाळताना दिसले.

"आत्या, ती बारीक जाळी... मेव्हण्याला हवीय. कुठं मिळते, विचारत होता."

"मेव्हण्याला बाग आहे?"

"नाही... घ्यायचा विचार आहे."

"खोटं बोलायलाही जरा डोकं लागतं हो." आत्या उठल्या, पदर खोचला आणि कुंपणाचं फाटक ढकलून त्यांच्या बागेत शिरल्या. "चौकटीला लाकूड आहे का? नसणारच. आधी ते घुबड उतरवा, झाडाला लाज वाटत असेल."