गुलाबी पान

लोक म्हणतात, सुविधाची जीभ तिखट. असू दे! खोटं तर बोलत नाही ना मी?

गोवा राज्य झालं त्या वर्षी आम्ही दहावीला होतो, डिचोलीत. चंद्रावतीचा बाप सावंतवाडीकडचा, पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. परीक्षा झाली की ती माणसं गावी परत जाणार होती. तिनं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून रंगीत पानांची ऑटोग्राफ वही आणली आणि थेट माझ्यापुढे धरली. "गुलाबी पान तुझा गो, सुविधा."

वर्गात नियमच होता. गुलाबी पान जिवलग मैत्रिणीचं, आणि ते भरल्याशिवाय बाकीच्या पोरी वहीला हात लावत नसत.

मला रागच आला. कोकणी की मराठी यावरून घराघरांत भांडणं चाललेली, बाबा रोज भायल्या, म्हणजे बाहेरून आलेल्या, लोकांच्या नावानं खडे फोडायचे, आणि ही भायली चारचौघींत मला जिवलग म्हणते? डबा वाटून खाल्ला म्हणून काय झालं! "लिहिते गो, ओळ सुचू दे," म्हणून वही घरी नेली. ती रोज विचारायची, मी रोज 'उद्या' म्हणायची. शेवटच्या पेपराला वही परत दिली. कोरी. तिनं तिथंच उघडली आणि पोरी फिदीफिदी हसल्या. खरं सांगते, मजा वाटली मला.

तेवीस वर्षांनी मी तुयेच्या कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर. नवीन लागलेल्या कोमलनं जेवणाच्या सुट्टीत तीच वही काढली. "मॅडम, चंद्रावती माझी आई. तिच्या ट्रंकेतून आणली, तिला न सांगता. तुम्हीही डिचोलीच्या, आणि तुमचं नाव आहे ना यात!"

पान न् पान भरलेलं. निळी, काळी, हिरवी शाई. गुलाबी पानावर, 'जन्मभर विसरणार नाही. तुझीच, सुविधा.' सगळीकडे चंद्रावतीचं तेच उजवीकडे कललेलं अक्षर.

गप्प बसता आलं असतं. पण बायका माना वाकवून बघत होत्या आणि माझं डोकं सटकलं. माझ्या नावावर लिहिते?

"हे अक्षर माझं नव्हे. तुझ्या आईनंच बसून लिहिलंय सगळं."

कोमलचा चेहरा उतरला. "मग तुम्ही लिहिलेलं पान कुठलं?"

"मी लिहिलंच नव्हतं."

कुणी घास उचलेना. माझी मलाच शरम वाटली. मी पेन काढलं. "आण बाय, आता लिहिते."

तिनं वही छातीशी धरली.

"जागा नाही, मॅडम. आईनं एकही पान कोरं ठेवलं नाही."