टिलीसाठी शीळ

"बटणं लावून देतेस का, सिस्टर? विमान चुकेल माझं," लिंडसे म्हणाले.

आदल्या दिवशी त्यांच्या फुफ्फुसातली गाठ आम्ही तापत्या सुईने जाळली होती. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला कापायचं नाही, म्हणून हा मार्ग. संध्याकाळचा एक्स-रे चांगला आला होता. आता मेलबर्नहून छोट्या विमानाने ते किंग बेटावर, आपल्या गुरांकडे निघाले होते.

"दम लागतोय का?"

"छे. वाईट नाही."

बेटावरच्या या म्हाताऱ्यांचा मला राग येतो. हात तुटला तरी वाईट नाही म्हणतील. बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा जरा उतरला होता, पण सिगारेटी ओढून घालवलेल्या छातीचं ते नेहमीचंच.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांची बायको कोरल. गुरं सोडून तिला येता आलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता.

"टिली कालपासून अन्नाला तोंड लावत नाही रे. तिला जरा शीळ घाल. फोन धरते तिच्या कानाशी."

टिली म्हणजे गुरं वळणारी कुत्री. लिंडसेंनी ओठांचा चंबू केला. नुसती हवा सुटली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवाच.

"ओठ कोरडे पडलेत."

"फोन सिस्टरला दे."

"कशाला?"

"दे म्हणते ना." मी फोन घेतला, तशी कोरल म्हणाली, "बाई, बरगड्या मोडल्या होत्या तेव्हाही हा शीळ घालत घरी आला होता. याला विमानात बसवू नका."

"ही उगाच..." लिंडसेंना पुढचं बोलायला श्वास पुरला नाही. मी त्यांना तडक पुन्हा एक्स-रेला नेलं.

एक्स-रेत अर्धं फुफ्फुस मिटलेलं दिसलं. जळलेल्या जागेतून हवा गळून छातीत साठली होती. म्हाताऱ्या फुफ्फुसात असं दुसऱ्या दिवशीही होतं.

"वर गेल्यावर ती हवा फुगली असती," डॉक्टर हान म्हणाल्या, "आणि खाली नुसता समुद्र."

बरगड्यांमधून नळी घातली तेव्हा लिंडसेंनी हूं की चूं केलं नाही. धुसफुसले ते कोरलवर. "इतकी वर्षं संसार केला, आणि माझी चुगली करते."

फुफ्फुसातलं भोक काही बुजेना. नळीला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत हवेचे बुडबुडे येतच राहिले. शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, काही आठवडे इथेच, आणि पुढे गुरांमागे धावणं बंद. मी पट्टी बदलत होते. लिंडसेंनी मान हलवली आणि घरी फोन लावला.

"कोरल, टिलीला शेजारच्या क्रेगकडे देऊन टाक."

"अरे, येशील की तू."

"मी येईन. पण तिला काम लागतं. नुसती बसून खुळी होईल ती." थांबून त्यांनी दम घेतला. "क्रेगला सांग, पहिले काही दिवस हाका मारू नकोस. फाटक उघडायचं आणि चालू लागायचं. येईल ती मागनं."

कोरल पलीकडे रडत असावी.

फोन ठेवून त्यांनी मला जेवायला काय आहे ते विचारलं. भोपळ्याचं सूप, मी म्हटलं. त्यांनी स्वतःच टेबल पुढे ओढलं, चष्मा पुसला आणि ताटाची वाट बघत ताठ बसून राहिले.