वस्तऱ्याचा पट्टा आणि ‘बोथट’ पोर

“पाठीचं कातडं आहे हे, पोटाचं नव्हे. कितीही ताण, तुटायचं नाही!”

मित्रांनो, हा आवाज मला अजून ऐकू येतो. खोगीर शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराचा तो आवाज. त्यानं माझं असं कौतुक केलं तेव्हा मी नुकताच जन्मलो होतो, आणि मार खातच जन्मलो होतो. आधी मला एका बैलाच्या अंगावरून सोलून काढलं. मग चुन्याच्या पाण्यात बुडवून केस उतरवले, सुरीनं खरवडलं, झाडाच्या सालीच्या कडू पाण्यात मुरवलं आणि लाकडी मोगरीनं बडव बडव बडवलं. तेव्हा कुठं मी गुळगुळीत झालो. मी एक जुना चामडी पट्टा आहे. न्हाव्याच्या खुर्चीशेजारी टांगलेला, वस्तऱ्याला धार देणारा. आता एकदा वापरून फेकायची पाती आली, त्यामुळे तुमच्यापैकी कित्येकांनी मला पाहिलंही नसेल.

माझं एक टोक भिंतीतल्या कडीत अडकवलेलं असे आणि दुसरं, मुठीचं, माझ्या मालकांच्या, म्हणजे त्या न्हाव्याच्या डाव्या हातात. मला ताणून धरायचं आणि वस्तरा माझ्यावरून ओढायचा तो पाठीकडून. वस्तऱ्याची पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की पाठीवरच कूस बदलायची. चुकून धार पुढे गेली तर वस्तरा मला चिरतो, आणि चिरलेला पट्टा मग वस्तऱ्याची धार बिघडवतो. मालकांचा हात कधी चुकला नाही. गिऱ्हाईकं गालावर हात फिरवत म्हणत, “वस्तरा फिरला की वाऱ्याची झुळूक गेली हो?” मालक मिशीत हसत. मीही भिंतीशी टांगल्या टांगल्या खूश होत असे.

पण मला कडीतून काढलं, की ते कामासाठी नसे.

पहिल्यांदा काढलं तेव्हा मालकांची पोर जेमतेम खुर्चीच्या हाताला पोचत होती. त्यांचं बिऱ्हाड दुकानामागच्याच खोलीत, आई आत चुलीशी. पोरीच्या हातून फेसाची वाटी पडून फुटली. मालकांनी मला सटकन ओढलं. मी हवेत शीळ घातली आणि तिच्या पोटऱ्यांवर उतरलो. पुन्हा उतरलो. पुन्हा. तिची कातडी माझ्याहून किती पातळ होती! दुमडलेल्या कागदावर रेघ उमटावी तसे वळ उठले आणि बघता बघता जांभळे झाले.

“बोथट!” मालक ओरडले. “धार नाही, पाणी नाही. कुठल्या कामाची आहेस गं तू?”

तेच तिचं नाव पडलं. बोथट, पाणी आण. बोथट, केर काढ. गिऱ्हाईकंही मजा करत. “काय गं बोथट, आज नाश्त्याला किती पट्टे?” आणि तोंडाला फेस लावलेले सगळे हसत. दुकानात गर्दी झाली तरी तिला मार, दुकान रिकामं राहिलं तरी मार. एकदा मालकांनी तिला केसांना धरून आरशावर आपटलं. आरसा तडकला, म्हणून त्याचाही मार तिलाच. मारून झालं की ते मला परत कडीत अडकवत, घाम पुसत आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यावरून इतक्या हळुवारपणे वस्तरा फिरवत की तो माणूस डुलक्या घेई.

पोर रडत नसे. केर काढताना आरशासमोर थांबे आणि स्वतःलाच सांगे, “मी बोथट आहे.” जणू कुणी विचारलं तर पाठ असावं म्हणून.

पुढं ती मोठी झाली आणि मालकांनी तिला धार लावायला शिकवलं. मित्रांनो, मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, मला छाती असती तर, की तिचा हात बापापेक्षा हलका होता. बाळ निजवावं तसा ती वस्तरा माझ्यावर निजवायची. पण एका दुपारी मालक गिऱ्हाइकाला म्हणाले, “हिच्या जागी कुत्रं पाळलं असतं तर राखण तरी झाली असती.” तिच्या मनगटात काय शिरलं कोण जाणे. वस्तरा उलटला, धार पुढे गेली आणि माझ्या मधोमध करकन चीर पडली. चामड्याचा ओठ वर उचलला गेला. तिनं घाबरून त्यावर तेल चोळलं, अंगठ्यानं दाबलं आणि गप्प राहिली.

चीर गप्प राहिली नाही. दुसऱ्याच दिवशी मालक एका ठेकेदाराची दाढी करत होते. वस्तरा माझ्या त्या ओठाला अडखळून आला होता. त्याच्या धारेला बारीक दाते पडले होते. ठेकेदाराच्या जबड्याखाली तो अडकला आणि पांढऱ्या कापडावर रक्ताची धार लागली. ठेकेदार उठला आणि सगळ्यांदेखत त्यानं मालकांच्या कानशिलात भडकावली.

मालकांनी माझ्यावरून बोट फिरवलं. बोट चिरेपाशी थांबलं.

“बोथट!”

त्यांनी दुकानाचं दार लावलं. त्या दिवशीचं मी सगळं सांगणार नाही, तुम्ही लहान आहात. एवढंच सांगतो, की माझा तो उचललेला ओठ प्रत्येक फटक्याला तिच्या पाठीचं मांस घेऊन वर येत होता. मी ओला झालो, जड झालो, मालकांच्या हातातून निसटू लागलो. त्यांनी दम घ्यायला हात खाली केला आणि तेवढ्यात पोरीनं मला पकडलं. हिसका दिला. मालक खुर्चीवर कोलमडले. तिनं दाराची कडी काढली आणि मला मुठीत आवळून ती रस्त्यानं पळत सुटली.

ती थांबली ती चर्चमध्ये. आईबरोबर दर रविवारी यायची तिथंच. बाकं रिकामी होती. पाळकांची म्हातारी बायको, जिला सगळे पाळकीणबाई म्हणत, ओल्या फडक्यानं बाकं पुसत होती. पोरीनं मला वेदीपुढं फेकलं.

“घ्या! देवाला परत द्या. त्यानंच दिलाय ना बाबांच्या हातात?”

पाळकीणबाईंनी मला उचललं, बघितलं आणि पोरीची पाठ बघितली. “बस,” त्या म्हणाल्या. “पालथी हो बाकावर. देवाशी भांडण नंतर कर, तो कुठं पळून चाललाय?”

कोमट पाण्यानं त्या जखमा धुऊ लागल्या. धुता धुता अगदी हळू गुणगुणत होत्या, जात्यावर बसल्यासारख्या:

कुणी घातली फुंकर माझ्या पाठीच्या वळाला?
ज्याची पाठ सोललेली, त्याची माया या जिवाला.

“कुणाची पाठ?” पोरीनं विचारलं.

“येशूची. आणखी कुणाची? वधस्तंभावर नेण्याआधी फटके मारले होते त्याला. अशाच चामड्याच्या पट्ट्यांनी.”

“त्यानं काय केलं होतं?”

“काही नाही.”

“मग मारलं का?”

“मारणाऱ्याचा हात चालत होता म्हणून. मार खाल्ला म्हणजे माणूस गुन्हेगार होतो होय गं?”

पोरीनं माझ्याकडं मान वळवली. मग म्हणाली, “मला वाटायचं, पट्टा असतो ना, त्याच्या मुठीच्या टोकाला देव उभा असतो. बाबांच्या बाजूला.”

“नाही, बाळा. तो ह्या टोकाला असतो. जिथं लागतं तिथं.”

तेव्हा ती रडली. मित्रांनो, मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला रडताना ऐकलं. बाकाच्या फळीत तोंड खुपसून ती गुरासारखी हंबरली, आणि पाळकीणबाई नुसत्या शेजारी बसून राहिल्या.

ती परत गेली नाही. पाळकांच्या घरी राहिली, आणि मीही. तुम्हाला वाटेल, आता सगळं बरं झालं. छे! दार आपटलं की ती बाकाखाली शिरायची. प्रार्थनेत देवाला बाप म्हणून हाक मारायची असते, तो शब्द तिला म्हणता यायचा नाही. पाळकीणबाई म्हणाल्या, “मग नको म्हणूस. नुसतं ‘अहो’ म्हण. मीसुद्धा ह्यांना आयुष्यभर ‘अहो’च म्हणत आले, ओ देतातच की!” पोर हसली. मग वर्षानुवर्षं देवाला तिनं ‘अहो’ म्हणून हाक मारली. “अहो, आज भीती वाटतेय. अहो, मी खरंच तुम्हाला हवी आहे का?” उत्तर एकदम आलं नाही. झिरपत आलं, थेंबाथेंबानं, जसं माझ्यात तेल मुरतं.

तिनं माझी चीर घासकागदानं घासून सपाट केली आणि चर्चच्या वृद्धाश्रमात आजोबांच्या दाढ्या करायला लागली. सुरकुतलेल्या गालांवर तिचा वस्तरा फिरे आणि एखादे आजोबा म्हणत, “पोरी, तुझ्या हातात देवानं काय ठेवलंय गं?” सुरुवातीला ती मान खाली घालायची. एका सकाळी मात्र तिनं आरशात पाहिलं आणि म्हणाली, “ठेवलंय खरं काहीतरी.”

मित्रांनो, मी एक वस्तू आहे. ज्याच्या हाती जाईन त्याचं काम करीन. तुमचं तसं नाही. तुमच्या किंवा शेजारच्या घरात माझ्यासारखा एखादा पट्टा खुंटीवरून उतरत असेल, तर कुणाला तरी सांगा. ऐकू आलं तर ऐकू आलं म्हणा.

मग आईचा निरोप आला. मालकांना अर्धांगवायू झाला होता. दाढी वाढून तोंडाशी जखमा झाल्या होत्या आणि ते कुणाला वस्तरा लावू देत नव्हते. पोर मला घेऊन निघाली. वाटभर ती पुटपुटत होती, “अहो, माझा हात धरा. आज माझा मलाच भरवसा नाही.”

मालक खाटेवर होते. अर्धं तोंड लोंबलेलं, पण डोळे तेच. तिनं मला खाटेच्या गजाला अडकवलं, वस्तऱ्याला धार दिली, फेस लावला आणि बापाचा गळा वर केला. कातडीखाली नाडी उडताना मला दिसत होती.

“काप की,” मालक घोगरं, अडखळत बोलले. “हिंमत… आहे का? बोथट.”

आणि आपल्या धड हातानं त्यांनी मला ओढून काढलं आणि तिच्या तोंडावर हाणलं. तिचा ओठ फाटला. रक्ताचे थेंब फेसावर पडले. दुसऱ्यांदा मला उचललं तेव्हा तिनं त्यांचं मनगट हवेतच धरलं. एका हातात बापाचं मनगट, दुसऱ्या हातात उघडा वस्तरा, आणि मी मध्ये थरथरतोय. वस्तऱ्याची धार गळ्याला टेकली होती. आई दारात उभी होती.

पोरीनं श्वास घेतला. वस्तरा गळ्यावरून काढला, मिटला आणि खिशात ठेवला. मनगट मात्र सोडलं नाही. मालकांच्या बोटांतली ताकद संपेपर्यंत ती थांबली. मी जमिनीवर पडलो.

“बाबा,” ती म्हणाली. “तुमची दाढी मी करीन. उद्याही येईन. पण मला पुन्हा हात लावायचा नाही. मी बोथट नव्हते. लहान होते. तुम्ही मारत होतात ते चूक होतं. ज्यानं मला घडवलं त्याला मी हवी आहे. तुम्हाला नसले तरी.”

मालकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मग दारातून आई पुढं आली. तिनं मला पायानं बाजूला सारलं, पदरानं लेकीच्या ओठाचं रक्त टिपलं आणि म्हणाली, “मला सगळं ऐकू यायचं गं. प्रत्येक फटका. तुझी काही चूक नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.”